ग्लीझ २२९ बी: एका तपकिरी बटूचे दोन निघाले, त्या निमित्ताने

निशाचर

मंडळी,

२०२४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णींना शॉ पुरस्कार मिळाला, तेव्हा अभिनंदनाच्या धाग्यावर 'आपल्या कुरुंदवाडात जन्मलेला माणूस' पासून सुधा मूर्तींच्या भावापर्यंत सगळं येऊन गेलं. पल्सार आले, गॅमा किरणांचे स्फोट आले. एक गोष्ट मात्र कोणीच काढली नाही. ताऱ्याभोवती फिरणारा, खात्रीने ओळखलेला पहिला तपकिरी बटू (ग्रहाहून जड, पण तारा म्हणून पेटायला वजन कमी पडलेला गोळा) ज्या गटाने शोधला, त्यातही कुलकर्णी होते. आणि पुरस्काराच्याच वर्षी, ऑक्टोबरात, त्या बटूचं बिंग फुटलं. तो एकटा नव्हताच. दोघं होते.

ग्लीझ २२९ हा आपल्यापासून साधारण १९ प्रकाशवर्षांवरचा लाल बटू तारा. शशक तारकासमूहात, म्हणजे मृगाच्या पायांखाली. ऑक्टोबर १९९४ मध्ये कॅल्टेक आणि जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी पालोमारच्या ६० इंची दुर्बिणीवर ताऱ्याचा उजेड झाकणारं उपकरण लावून त्याच्या शेजारी काय आहे ते पाहिलं. एक अगदी मंद ठिपका सापडला. आता असा ठिपका सापडला की लगेच पेढे वाटायचे नसतात, कारण तो मागचा कुठला तरी दूरचा तारा असू शकतो. ग्लीझ २२९ जवळचा असल्याने आकाशात दरवर्षी थोडा थोडा सरकतो. ठिपका त्याच्याबरोबर सरकला तरच तो त्याचा सोबती. म्हणून मंडळी जवळपास वर्षभर थांबली. ठिपका सरकला. त्याचं नाव ग्लीझ २२९ बी.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इटलीत फ्लॉरेन्सच्या परिषदेत ही बातमी सांगितली गेली. त्याच परिषदेत मायोर आणि क्वेलॉझ यांनी ५१ पेगासी बी हा ग्रह जाहीर केला. ग्रहाला पुढे नोबेल मिळालं, बटू मागे पडला. माझ्या मते हा थोडा अन्यायच. कारण ग्लीझ २२९ बीचा वर्णपट २०० इंची हेल दुर्बिणीने घेतला, तेव्हा त्यात चक्क मिथेन दिसला. मिथेन गुरूवर असतो. ताऱ्याच्या वातावरणात तो टिकूच शकत नाही, उष्णतेने मोडतो. म्हणजे हजार केल्विनच्याही खाली उतरलेलं, स्वतः मंद उजळणारं आणि गुरूपेक्षा कितीतरी वजनदार असं काहीतरी तिथे होतं. वाद मिटला.

किंवा मिटला असं वाटलं. पुढे त्याचं वजन नीट काढता आलं. हिप्पार्कोस आणि गाया या दोन उपग्रहांनी बऱ्याच वर्षांच्या अंतराने मुख्य ताऱ्याची स्थिती मोजली होती. तारा किती ओढला जातोय यावरून सोबत्याचं वस्तुमान आलं गुरूच्या सुमारे ७१ पट. हा आकडा पचेना. एवढा जड बटू इतका थंड आणि मंद व्हायला जो काळ लागावा, तो ताऱ्याच्या अंदाजी वयाशी जुळत नव्हता. २०२४ मध्ये चिलीतल्या 'व्हीएलटी'च्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून पाहिलं, आणि एकाच्या जागी दोन दिसले. गुरूच्या ३८ पट आणि ३४ पट. एकमेकांभोवती १२ दिवसांत एक फेरी, आणि दोघांत अंतर पृथ्वी-चंद्राच्या अंतराच्या फक्त १६ पट. वजन दोघांत वाटलं गेलं आणि उजेडाचा हिशेब लागला.

मला चर्चा करायची आहे ती पुढच्या प्रश्नावर. ताऱ्याभोवती फिरणारा तपकिरी बटू हा वाढलेला ग्रह की खुरटलेला तारा? माझं मत आधीच सांगून टाकतो: वजनावरून हे ठरत नाही. जन्म कसा झाला ते बघायला हवं, आणि त्याचे पुरावे कक्षेत सापडतात.

वऱ्हाडी ठसका

तारा बी नाही, ग्रह बी नाही. त्रिशंकूच म्हना ना भाऊ!

निशाचर

ते नाव आधीच बुक आहे, दक्षिणेकडच्या क्रॉसला. :)

कोकणकन्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. पहिला तपकिरी बटू टायडे १ ना? कृत्तिकांमधला. कुठेतरी वाचलं होतं.

निशाचर

बरोबर वाचलंत. टायडे १ चा लेख सप्टेंबर १९९५ मध्ये नेचरमध्ये आला, स्पेनच्या कॅनरी बेटांवरच्या रेबोलो आणि सहकाऱ्यांचा. पण तो एकटा भटकतो, कुठल्या ताऱ्याभोवती फिरत नाही. शिवाय त्याच्यावर शिक्कामोर्तब व्हायला लिथियमची चाचणी लागली. ताऱ्याच्या पोटात लिथियम जळून जातं. गुरूच्या साधारण ६५ पटींहून हलक्या बटूच्या पोटात तेवढी आच नसते, त्यामुळे वर्णपटात लिथियम शिल्लक दिसतं. ग्लीझ २२९ बीला मिथेनमुळे असल्या चाचणीची गरजच पडली नाही.

सातारी कंदी

धागा छान, पण आमच्यासारख्यांसाठी जरा मुळापासून सांगाल का? गुरूच्या ३८ पट वजन म्हणता, मग आकारही तेवढाच मोठा असणार ना? आणि जळत काहीच नाही तर उजळतो कशाने?

गणितमास्तर

मी सांगतो, धागाकर्ते चहा पिऊ देत.

आकार गुरूएवढाच! हेच तर मजेशीर आहे. गुरूएवढ्या वजनापासून ते त्याच्या ७०-८० पट वजनापर्यंत जुन्या, थंड झालेल्या गोळ्यांचा व्यास जवळपास सारखाच राहतो. वजन घालत गेलं की गोळा फुगण्याऐवजी आत दाबला जातो. शेवटी इलेक्ट्रॉन इतके दाटीवाटीने बसतात की क्वांटम नियमांमुळे त्यांना आणखी जवळ आणता येत नाही. तो दाबच गोळ्याला तोलून धरतो, आणि तो तापमानावर अवलंबून नसतो. त्यामुळे गाभा पुरेसा तापण्याआधीच आकुंचन थांबतं आणि हायड्रोजनचं संमीलन टिकत नाही.

हे गणित प्रथम मांडणाऱ्यांत आपल्याकडे जन्मलेले शिव कुमार होते, १९६२-६३ च्या सुमारास. ते पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात होते. जपानमध्ये हायाशी आणि नाकानो यांनीही त्याच काळात हेच काढलं. शिव कुमारांची सीमा सूर्याच्या ७ ते ९ टक्के वजनाची होती, आणि आजची सीमा साधारण ७.५ टक्के, म्हणजे गुरूच्या ७५-८० पट. कागद-पेन्सिलच्या जमान्यातलं उत्तर किती जवळचं बघा. १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी या गोळ्यांना 'ब्राऊन ड्वार्फ' हे नाव दिलं. खरा रंग तपकिरी नाही, असलाच तर काळपट लालसर.

उजळतो कशाने? जन्मताना आकुंचन पावून जी उष्णता साठली तीच हळूहळू बाहेर पडते. गुरूच्या १३ पटींहून जड असेल तर सुरुवातीला ड्युटेरियमही (जड हायड्रोजन) जळतं, पण ते मुळात इतकं थोडं असतं की लवकर संपतं. नंतर नुसतं थंड होत जायचं. म्हणून तरुण बटू शोधायला सोपा, म्हातारा कठीण.

सातारी कंदी

समजलं. म्हणजे १३ च्या खाली ग्रह, १३ ते ८० तपकिरी बटू, वर तारा. इतकं सरळ असताना वाद कसला?

शंकेखोर

हेच म्हणतो. आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या कार्यगटानेही २००३ मध्ये तशीच व्याख्या केली होती ना? जन्म कसाही झालेला असो, ड्युटेरियम जळलं की बटू. मोजता येतं, तपासता येतं. जन्म कोणी बघितलाय? अब्जावधी वर्षांपूर्वीच्या जन्माचा दाखला कोण देणार?

निशाचर

व्याख्या सोयीची आहे, नाही म्हणत नाही. पण निसर्ग तिच्याप्रमाणे वागत नाही. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने आयसी ३४८ या तरुण तारकागुच्छात गुरूच्या तीन-चार पट वजनाचे एकटे भटकणारे गोळे शोधले. व्याख्येने ते बटू नव्हेत. पण त्यांच्या आसपास तारा नाही, आणि ते तिथल्या ताऱ्यांसारखेच थेट ढगातून जन्मले असण्याची दाट शक्यता आहे. ढगाला १३ या आकड्याचं काय सोयरसुतक? ढग आकुंचन पावताना त्याचे किती लहान तुकडे होऊ शकतात, हे वायूला आपली उष्णता बाहेर टाकता येते की नाही यावर ठरतं. ती सीमा गणिताने गुरूच्या काही पटींवर येते. ड्युटेरियम तर नंतर जळतं, जन्म झाल्यावर.

व्यवहारातही १३ कोणी कसोशीने पाळत नाही. नासाच्या परग्रहांच्या यादीत गुरूच्या ३० पटींपर्यंतचे सोबती येतात. पॅरिसच्या यादीची मर्यादा ६० पट. म्हणजे एकच गोळा एका यादीत ग्रह आणि दुसऱ्यांच्या लेखात तपकिरी बटू. कोरो-३ बीचंच घ्या. २००८ साली सापडला. ताऱ्यासमोरून जाताना पकडलेला पहिला तपकिरी बटू म्हणून त्याचं नाव घेतात. वजन गुरूच्या जवळपास २२ पट, फेरी सव्वाचार दिवसांची. त्याला काय म्हणायचं हे शोधणाऱ्यांनीच मोकळं ठेवलं होतं.

टेलिस्कोपवाले काका

शोधण्याच्या पद्धतींबद्दल थोडं. नवीन लोक इथेच फसतात.

तारा आपल्याकडे आणि मागे असा डुलतो त्याचा वेग डॉप्लरने (वर्णपटातल्या रेषा किती सरकतात त्यावरून) मोजला, तर सोबत्याचं *किमान* वजन मिळतं. कक्षा आपल्याकडे कडेने वळलेली आहे की तोंड करून, हे डॉप्लरला कळत नाही. एचडी ११४७६२ या ताऱ्याची कहाणी यासाठी पाठ करून ठेवावी. १९८९ मध्ये डेव्हिड लॅथम यांच्या गटाने त्याच्याभोवती ८४ दिवसांत फिरणारा सोबती शोधला, किमान वजन गुरूच्या ११ पट. ५१ पेगासीच्या सहा वर्षं आधी! पुढे अनेक वर्षं लोक त्याला 'कदाचित पहिला परग्रह', 'बहुधा तपकिरी बटू' म्हणत राहिले. गायाने ताऱ्याचं आकाशातलं प्रत्यक्ष डोलणं पाहिल्यावर कळलं की कक्षा जवळपास पूर्ण तोंड करून आहे. सोबती गुरूच्या शंभरपटीहून जड निघाला. ग्रह नाही, बटूही नाही, सरळ एक छोटा तारा.

खरं वजन हवं तर तीन वाटा. अधिक्रमण (सोबती ताऱ्यासमोरून जाणं) आणि डॉप्लर एकत्र, म्हणजे कक्षेचा कोन माहीत होतो. किंवा गायासारखं आकाशातलं डोलणं. किंवा ग्लीझ २२९ सारखं थेट छायाचित्र आणि वर्षानुवर्षांची धीराची मोजणी. 'किमान' हा शब्द गाळून दिलेल्या बातम्या वाचायच्या आणि सोडून द्यायच्या.

वाचनमात्र

काका, दंडवत. ११४७६२ ची गोष्ट माहीत नव्हती.

निशाचर

शंकेखोर, जन्माचा दाखला विचारत होता, तर आता वाळवंटाकडे येऊ.

सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती, पाच वर्षांपेक्षा कमी काळात फेरी मारणारे सोबती मोजले तर सुमारे ११ टक्के ताऱ्यांना तारा सोबती असतो, आणि सुमारे ५ टक्क्यांना महाकाय ग्रह. तपकिरी बटू एक टक्क्याहूनही कमी ताऱ्यांना. हा ग्रेथर आणि लाइनवीव्हर यांचा २००६ चा हिशेब. वजनाच्या अक्षावर एका बाजूला ग्रहांची गर्दी, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांची, आणि मधोमध, गुरूच्या ३० पटींच्या आसपास, जवळजवळ शुकशुकाट. यालाच 'तपकिरी बटूंचं वाळवंट' म्हणतात.

शंकेखोर

किंवा मंद असतात म्हणून दिसत नाहीत. नसणं आणि न दिसणं यात फरक आहे.

गणितमास्तर

इथे ती पळवाट नाही. मंद असण्याचा प्रश्न छायाचित्रात येतो, डॉप्लरमध्ये आपण ताऱ्याकडे बघत असतो. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साधारण साडेबारा मीटर डुलतो. गुरूच्या ५० पट वजनाचा बटू पृथ्वीच्या अंतरावर ठेवला तर सूर्य सेकंदाला एक किलोमीटरहून जास्त वेगाने डुलेल. १९८०च्या दशकातल्या उपकरणांनाही तो दिसला असता. ग्रह शोधणाऱ्या प्रत्येक मोहिमेला बटू आधी सापडायला हवे होते, ग्रह नंतर. झालं उलटं.

शंकेखोर

हं. हे पटलं. मग मधली जागा रिकामी का?

पाटावरवंटा

मी भौतिकशास्त्र शिकवते (अकरावी-बारावी), वर्गात हे असं सांगते: दूध नासणं आणि दही लागणं या दोन वेगळ्या गोष्टी. दह्याला विरजण लागतं आणि वेळ लागतो. नासायला काही लागत नाही, परिस्थिती जुळली की सगळं दूध एकदम फाटतं.

ग्रह दह्यासारखे. ताऱ्याभोवतीच्या तबकडीत धूळ आणि बर्फ एकत्र येऊन आधी घट्ट गाभा बनतो, पृथ्वीच्या दहाएक पट वजनाचा, मग तो वायू ओढायला लागतो. हे सगळं तबकडीतला वायू उडून जायच्या आत व्हायला हवं, म्हणजे काही दशलक्ष वर्षांत. तारे नासण्यासारखे. ढगाचा भाग स्वतःच्या वजनाने एकदम कोसळतो, गाभ्याबिभ्याची वाट बघत नाही. पहिल्या वाटेने गुरूच्या पाच-दहा पटींपुढे जाणं कठीण होत जातं. दुसऱ्या वाटेने इतकं लहान राहणं कठीण. दोन्हींच्या मधे बटू सापडतो, म्हणून संख्या कमी.

निशाचर

ताई, हे मी उचलणार.

त्यात एक भर. ताऱ्याच्या जवळ जन्मलेला छोटा तुकडा छोटा राहणं फार अवघड, कारण आजूबाजूला अजून खाण्याजोगा भरपूर वायू असतो. तो वायू खात खात तुकडा पूर्ण तारा होऊन बसतो. किंवा तबकडीशी ओढाताण होऊन आत आत सरकत ताऱ्यात पडतो. सहज जुळे तारे बनतात, सहज बळी जातात, मधला बटू मात्र तगत नाही. तबकडी फाटून थेट बटू बनू शकतो, पण त्यासाठी तबकडी जड हवी आणि वायू भराभर थंड व्हायला हवा. ते जमतं बाहेर, ताऱ्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या अनेक दहा पटींवर. ग्लीझ २२९ ची जोडी त्याच भागात आहे.

कोकणकन्या

म्हणजे लांबवर तरी बटू पुष्कळ असायला हवेत?

निशाचर

नाहीत. इथेच मला मौज वाटते. चिलीतल्या जेमिनी दुर्बिणीवरच्या सर्वेक्षणात पहिल्या ३०० ताऱ्यांचा हिशेब २०१९ मध्ये आला. १० ते १०० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) तपकिरी बटू असलेले तारे शंभरात एखादा. जवळचं वाळवंट कोरडं आहे, लांबचंही फार हिरवं नाही. म्हणजे तबकडी फाटून बटू बनणं शक्य असलं तरी वारंवार होत नाही. बरेचसे बटू एकटेच भटकताना सापडतात, कारण ते बहुधा ताऱ्याभोवती जन्मलेच नाहीत. ढगातल्या खळबळीत लहान गुठळ्या होतात, त्या थेट कोसळतात. काही जण म्हणतात की भावंडांच्या ढकलाढकलीत वायू मिळायच्या आधीच काही बाहेर फेकले जातात आणि वाढ खुंटते. तरुण बटूंभोवती धुळीच्या तबकड्या सापडल्यात, त्यामुळे फार जोरात फेकले गेले असतील असं मला वाटत नाही. पण हे माझं मत.

शंकेखोर

ठीक. मग कक्षेतला पुरावा म्हणालात तो कुठला?

निशाचर

दोन आहेत.

जवळच्या बटूंमध्ये २०१४ साली मा आणि गे या संशोधकांनी पाहिलं की गुरूच्या ४२ पटींच्या आसपास रेषा पडते. खालच्यांच्या कक्षा ग्रहांसारख्या वागतात: वजन वाढलं की लांबट कक्षा कमी होत जातात. वरच्यांच्या कक्षा जुळ्या ताऱ्यांसारख्या, सगळ्या तऱ्हेच्या. मला ही रेषा अजून कच्ची वाटते, कारण तेव्हा हाताशी साठएक बटू होते आणि त्यातल्या अनेकांचं फक्त किमान वजन माहीत होतं. काकांची ११४७६२ ची गोष्ट आठवा.

दुसरा लांबच्यांचा. २०२० मध्ये बाउलर आणि सहकाऱ्यांनी थेट छायाचित्र घेतलेल्या २७ सोबत्यांच्या कक्षा तपासल्या. महाकाय ग्रहांच्या कक्षा गोलाकडे झुकणाऱ्या, बटूंच्या कमी-जास्त लांबट, पसरलेल्या. शांत तबकडीत गाभ्याभोवती वाढलेल्याची कक्षा गोल असणार, कोसळून किंवा झगडून आलेल्याची कशीही. हे मला जास्त भावतं, कारण जवळच्या कक्षा पुढे भरती-ओहोटीच्या ओढीने बदलतात. लांबच्यांवर जन्माची खूण टिकते.

पाटावरवंटा

तिसरा पुरावा राहिला, ताऱ्याचं रसायन. ज्या ताऱ्यांत लोह वगैरे जड मूलद्रव्यं जास्त, त्यांच्याभोवती महाकाय ग्रह जास्त. गाभ्याला कच्चा माल भरपूर मिळतो ना. जड बटूंचे तारे तसे निवडक नसतात.

निशाचर

अगदी! हे लिहायला हवं होतं. धन्यवाद.

अबूचा प्रवासी

भारतातून यात काही होतं का? की आपण फक्त बातम्या वाचायच्या?

टेलिस्कोपवाले काका

होतं की. माउंट अबूला गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावर 'पारस' नावाचा वर्णपटमापक. २०२३ मध्ये त्यांनी टीओआय-४६०३ बी जाहीर केला. टेस उपग्रहाला अधिक्रमण दिसलं होतं, वजन पारसने काढलं. गुरूच्या सुमारे १३ पट, म्हणजे बरोब्बर वादाच्या रेषेवर! आकार गुरूएवढाच, त्यामुळे घनता पाण्याच्या १४ पट, शिशापेक्षा जास्त. फेरी सव्वासात दिवसांची.

निशाचर, तुमच्या नियमाने हा काय?

निशाचर

ताईंचा पुरावा लावला तर ग्रहाकडे कल. त्याचा तारा जड मूलद्रव्यांनी समृद्ध आहे. कक्षा मात्र बऱ्यापैकी लांबट, तीही इतक्या जवळ असताना. तेव्हा हा जिथे आहे तिथे जन्मलेला नाही, बाहेरून आत आलाय. वजनाकडे बघून १२.९ की १३.१ यावर भांडण्यापेक्षा तो इथे कसा आला हे शोधण्यात जास्त मजा आहे.

वऱ्हाडी ठसका

अवांतर: अन् तारा फुगून लाल राक्षस झाला त बटूचं काय होते? गिळून टाकते का?

गणितमास्तर

अवांतर कसलं, मस्त प्रश्न. गिळतो, पण पचवतोच असं नाही. डब्ल्यूडी ०१३७-३४९ हा श्वेत बटू आहे, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, त्याच्याभोवती गुरूच्या पन्नासेक पट वजनाचा तपकिरी बटू फक्त ११६ मिनिटांत फेरी मारतो. २००६ मध्ये नेचरमध्ये आलं. आज दोघांत जेवढं अंतर आहे त्याच्या कितीतरी पट मोठा तो तारा फुगला असताना होता. म्हणजे बटू ताऱ्याच्या पोटात शिरला, आतल्या वायूशी घासत घासत जवळ आला, त्या घर्षणाने वरचं आवरण उडवून दिलं आणि जिवंत बाहेर निघाला. ग्रह असता तर बहुतेक संपला असता.

वऱ्हाडी ठसका

लय टणक बे!

शंकेखोर

मूळ गोष्टीवर येतो. ३८ आणि ३४ पटींची जोडी, १२ दिवसांची, ती जोडी पुन्हा ताऱ्याभोवती. हे एका तबकडीत कसं जन्मलं? एक बटू बनणं दुर्मीळ म्हणता, इथे दोन, तेही बिलगून.

निशाचर

शोध लावणाऱ्यांनी मांडलेली एक शक्यता अशी: ताऱ्याभोवतीची तबकडी फाटून दोन वेगळ्या गुठळ्या झाल्या, आणि पुढे त्या एकमेकींच्या इतक्या जवळून गेल्या की एकमेकींत अडकल्या. तारा लहान, सूर्याच्या सहा दशांशाच्या आसपास, त्यामुळे एवढी जड तबकडी त्याच्याभोवती असणं हेच मला थोडं ताणलेलं वाटतं. दुसरी वाट म्हणजे तिघंही एकाच ढगातून वेगवेगळे कोसळले, आणि हे त्रिकूट म्हणजे छोट्या वजनाची तारकात्रयीच. मी दुसरीकडे झुकतो. अशी आणखी उदाहरणं बघा: एप्सिलॉन इंडी हा १२ प्रकाशवर्षांच्या आतला तारा. त्याच्यापासून १,४०० हून जास्त खगोलीय एककांवर दोन तपकिरी बटू एकमेकांभोवती फिरतात. एवढ्या लांब कुठलीच तबकडी पोचत नाही. तिथे ढगाशिवाय पर्याय दिसत नाही.

कोकणकन्या

हे सगळं कधी तरी पक्कं होणार का?

निशाचर

बरंचसं गायाच्या हातात आहे. उपग्रहाने निरीक्षणं जानेवारी २०२५ मध्ये थांबवली, पण चौथा मोठा विदासंच डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित आहे. चुणूक आलीच आहे: २०२५ मध्ये गाया-५ बी जाहीर झाला, सूर्यापेक्षा हलक्या ताऱ्याभोवती गुरूच्या २१ पट वजनाचा बटू, वर्षभराच्या फेरीचा. अगदी वाळवंटाच्या मधोमध. गायामुळे 'किमान' हा शब्द जाईल आणि १ ते ५ एककांवरच्या बटूंची खरी वजनं मिळतील. ४२ पटींवरची रेषा तेव्हाही राहिली तर मी तिला कच्ची म्हणणं सोडेन. विरली तर दोन्ही वाटांनी जन्मलेले बटू एकाच वजनात मिसळलेले आहेत असं धरावं लागेल, आणि मग १३ च्या जोडीला ४२ हाही आकडा मोडीत.

अबूचा प्रवासी

घरच्या दुर्बिणीतून काही करता येईल? आठ इंची आहे, कॅमेरा आहे.

टेलिस्कोपवाले काका

येईल. केल्ट-१ बी घ्या. देवयानीत आहे, नोव्हेंबरात संध्याकाळी डोक्याजवळ. तारा १०.७ प्रतीचा. बटू गुरूच्या २७ पट, फेरी सव्वा दिवसाच्या आत. अधिक्रमण अडीच-तीन तास चालतं आणि ताऱ्याचा प्रकाश अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त घटतो. शेजारचे दोन-तीन तारे तुलनेला ठेवा, फोकस थोडा सैल सोडा म्हणजे कॅमेरा संपृक्त होत नाही, आणि अधिक्रमणाच्या आधी-नंतर तासभर तरी घ्या. ते आधी-नंतरचं नसेल तर आलेखाचा काही उपयोग नाही. पुण्या-मुंबईच्या आकाशातूनही जमतं, ढग नसले तर.

बटूच्या ओढीमुळे त्या ताऱ्याचं स्वतःभोवतीचं फिरणंही त्याच्या फेरीशी जुळलंय असं दिसतं, हे जाता जाता.

अबूचा प्रवासी

वेळापत्रक कुठे मिळेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, काका. नोव्हेंबरात आलेख इथेच टाकतो.

टेलिस्कोपवाले काका

करतो. कॅमेऱ्याचं मॉडेल पण कळवा, एक्स्पोजर किती ठेवायचं ते त्यावर ठरेल.